न पाहिलेल्या चित्रपटाचा निषेध



एक चित्रपट आणि त्याच्यावर रागावलेले एक सरकार, ह्यांची हकीकत आज मी आपणांपुढे मांडणार आहे. चित्रपट इटलीतील एका नामांकित दिग्दर्शकाचा, सरकार चीनचे, आणि काळ १९७२ ते १९७४ चा. सरकारांनी कलावंतांवर रागवावे ह्यात नवे असे काही नाही. आपल्याकडे इंग्रज सरकारने १९१० साली ‘कीचकवध’ नाटकावर बंदी घातली, तेव्हा त्यातला कीचक कोण हे प्रेक्षकांस सांगावे लागत नव्हते, आणि सरकारासही सांगावे लागले नाही. परंतु आजच्या हकीकतीत एक गोष्ट विलक्षण आहे व तिच्यासाठीच मी ती सांगावयास घेतली आहे. ज्या चित्रपटाचा एका अवाढव्य देशातील लाखो लोकांनी सभा भरवून, फलक लावून, लेख लिहून धिक्कार केला, तो चित्रपट त्या लोकांपैकी जवळजवळ कोणीही पाहिलेला नव्हता.

मायकेलांजेलो आंतोनिओनी हे त्या दिग्दर्शकाचे नाव. जन्म १९१२ चा, इटलीतील फेरारा गावचा. १९६० साली ‘लाव्हेंतुरा’ व १९६६ साली ‘ब्लो-अप’ हे त्याचे चित्रपट आले व जगभर त्याचा बोलबाला झाला. त्याची रीत थोडी निराळीच होती. कथानकाची घाई त्याला नसे. एखादी भिंत, रिकामा रस्ता, बोलता बोलता गप्प झालेला चेहरा, ह्यांवर त्याचा कॅमेरा इतका वेळ रेंगाळे की अधीर प्रेक्षक खुर्चीत चुळबूळ करू लागे. राजकारणात त्याची सहानुभूती डाव्या विचारांकडे होती, आणि चीनविषयी त्याच्या मनात वैर नव्हते, उलट कुतूहल व आदरच होता, हे पुढच्या गोष्टीसाठी ध्यानात ठेवले पाहिजे.

त्या वेळी चीनची दारे नुकतीच किलकिली होऊ लागली होती. इटलीने १९७० च्या नोव्हेंबरात चीनच्या साम्यवादी सरकारास मान्यता दिली. १९७१ च्या ऑक्टोबरात त्या सरकारास संयुक्त राष्ट्रसंघात जागा मिळाली, आणि १९७२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन स्वतः पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, जाऊन आले. ह्याच वाऱ्यावर इटलीच्या सरकारी नभोवाणी व दूरचित्रवाणी संस्थेने, म्हणजे ‘राय’ने, आंतोनिओनीला चीनमध्ये चित्रण करू द्यावे अशी बोलणी केली. पंतप्रधान चौ एन-लाय ह्यांची संमती मिळाली व १९७२ च्या उन्हाळ्यात हा पाहुणा आपल्या थोड्या साथीदारांसह चीनमध्ये दाखल झाला.

प्रत्यक्ष चित्रणाला मिळाले सुमारे बावीस दिवस. जावयाचे कोठे, थांबावयाचे कोठे, बोलावयाचे कोणाशी हे यजमानांनी ठरविले. पेकिंग, होनान प्रांतातील लिनश्येन जिल्हा, सूचौ, नानकिंग आणि शेवटी शांघाय असा मार्ग आखला गेला. आपल्याकडे पाहुणा यावयाचा असला म्हणजे ओसरीवर सतरंजी पडते, तांब्या घासून लख्ख होतो, आणि मुलांना सदरे बदलावयास लावतात. ह्यात लबाडी आहे असे कोणी म्हणत नाही. चीनच्या अधिकाऱ्यांनीही तेच केले. परंतु आंतोनिओनी हा ओसरीवर बसून तांब्याचे कौतुक करणारा पाहुणा नव्हता. त्याची नजर माजघराकडे, परसाकडे, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे वळे. एकदा डोंगरी रस्त्याने जाताना त्याला वाटेवर खेडुतांचा बाजार भरलेला दिसला. माणसे आपापली भाजी, धान्य, कोंबड्या घेऊन देवघेव करीत होती. साम्यवादी व्यवस्थेत असल्या खासगी बाजाराला जागा नाही, म्हणून वाटाड्यांना तो दाखवावयाचा नव्हता. त्याने तो टिपला, आणि चित्रपटातील निवेदनात ती गोष्ट लपवूनही ठेवली नाही.

चित्रपटाचे नाव ‘चुंग कुओ’, म्हणजे मध्यदेश, चिनी लोक आपल्या देशाला ज्या नावाने ओळखतात तेच. लांबी साडेतीन तासांच्या आसपास. आरंभीच निवेदक सांगतो की, चीन समजावून देण्याचा आमचा दावा नाही, आम्ही चेहरे, हालचाली व रीतीभाती तेवढ्या आपणांपुढे ठेवीत आहोत. मग पेकिंगच्या तिएन-आन-मेन चौकात छायाचित्र काढून घेण्यासाठी उभी असलेली साधी माणसे दिसतात. एका रुग्णालयात अंगात सुया टोचून वेदना बधिर केलेल्या बाईचे पोट चिरून मूल काढतात, आणि ती बाई शुद्धीवर राहून बोलत असते. हा प्रसंग पाहताना पाश्चात्य प्रेक्षकांनी श्वास रोखून धरला असेल. शाळेतली मुले गातात, कापडगिरणीतले कामकरी पाळी संपल्यावर अंगणात बसतात, सायकलींचे थवे जातात, शांघायच्या जुन्या चहाघरात म्हातारे पेल्यातून वाफ घेत बसलेले असतात. अखेरीस डोंबाऱ्यांसारखे कसरतीचे खेळ आहेत व ते बराच वेळ चालतात. सबंध चित्रपटात शिवी म्हणून कोठे नाही. फार तर इतके म्हणता येईल की, त्यात कोणी घोषणा देत नाही, आणि माणसे गरीब असली तरी समाधानी दिसतात.

१९७३ साली हा चित्रपट इटलीच्या दूरचित्रवाणीवर दाखविला गेला. आंतोनिओनीने पुढे सांगितले आहे की, रोममधील चिनी वकिलातीतल्या मंडळींची पहिली प्रतिक्रिया अनुकूल होती, आपण आमच्या देशाकडे मायेच्या नजरेने पाहिलेत असे ते त्याला म्हणाले. वर्षभर सारे शांत होते.

आणि मग ३० जानेवारी १९७४ रोजी चिनी साम्यवादी पक्षाच्या ‘पीपल्स डेली’ ह्या मुखपत्रात एक प्रचंड लेख आला. दुष्ट हेतू व नीच क्लृप्त्या, असा त्याच्या मथळ्याचा आशय होता. त्यात आंतोनिओनीला चीनचा शत्रू, साम्राज्यवाद्यांचा व रशियातील पाखंड्यांचा हस्तक ठरविले होते. आता आरोप कोणते ते ऐकण्यासारखे आहे. तिएन-आन-मेन चौकाचे भव्य दृश्य त्याने दाखविले नाही, नुसती माणसांची गर्दी दाखविली. लिनश्येनच्या डोंगरांत लोकांनी छिन्नी-हातोड्याने कडे फोडून १९६० नंतरच्या दशकात ‘लाल बावटा’ नावाचा कालवा खणला, त्याच्यावरून त्याने नुसता कॅमेरा फिरविला, आणि रेंगाळला कोठे, तर तुकड्यातुकड्यांच्या शेतांवर व एकट्या बसलेल्या म्हाताऱ्यांवर. चित्रांचे रंग मुद्दाम करडे व थंड ठेवले. एके ठिकाणी डुकरांचे दृश्य आहे, आणि त्या वेळी पार्श्वभूमीवर एका क्रांतिकारी संगीतिकेतील, मान उंच करून छाती पुढे काढावयास सांगणारे पद ऐकू येते. हे पद डुकराच्या मान हालविण्याशी जोडून दिग्दर्शकाने क्रांतीची विटंबना केली, असे लेखकाचे म्हणणे. ह्या एका आरोपात मात्र मला थोडे तथ्य दिसते. आंतोनिओनीसारखा कसबी माणूस कोणते सूर कोणत्या चित्रावर पडतात हे न पाहता पुढे जाईल हे पटणे कठीण आहे. त्याला थट्टा सुचली असावी. परंतु अशी थट्टा ज्या सरकारास सोसत नाही त्याचा पाया भक्कम असेल असे वाटत नाही.

सर्वांत गाजला तो नानकिंगच्या पुलाचा आरोप. यांगत्सी नदीवरचा हा पूल १९६८ साली पुरा झाला. वरून मोटारींचा रस्ता, खालून आगगाडी, आणि वरच्या रस्त्याची लांबी साडेचार किलोमीटरांहून अधिक. पूल बांधण्याचे काम चालू असतानाच, १९६० साली रशियाने आपले तज्ज्ञ चीनमधून परत बोलावले. पोलादापासून आराखड्यापर्यंत सारे आपले आपण उभे करणे चिनी लोकांस भाग पडले, आणि त्यांनी ते केले. तेव्हा हा पूल चिन्यांच्या दृष्टीने नुसता पूल नव्हता. परक्यांच्या मदतीवाचून आम्ही उभे राहू शकतो, ह्याची ती दगडी व पोलादी साक्ष होती. आणि आंतोनिओनीने तो कसा दाखविला? खालून, बाजूने, होडीतून जाता जाता, वाकडा. ‘पीपल्स डेली’च्या लेखकाला त्यात पूल डुगडुगताना दिसला. शिवाय पुलाच्या खाली दोरीवर वाळत घातलेल्या विजारीही कॅमेऱ्याने टिपल्या होत्या. झाले! राष्ट्राच्या अभिमानाच्या वस्तूखाली विजारी! ह्याहून मोठा अपमान तो कोणता?

ह्या पुलावर इटलीतील विद्वान उंबेर्तो एको ह्यांनी एक मार्मिक निबंध लिहिला आहे. त्यातला विचार थोडक्यात असा. पाश्चात्य चित्रकार व छायाचित्रकार एखाद्या वास्तूची भव्यता दाखवावयाची असली म्हणजे खालून, तिरक्या कोनातून पाहतात. त्यांच्या डोळ्याला तिरपेपणात जोर दिसतो. चिनी प्रेक्षकाच्या डोळ्याची सवय निराळी. आदराची वस्तू समोरून, मधोमध, दोन्ही बाजू समतोल ठेवून पाहावयाची. जो समोरून न पाहता बाजूने डोकावतो तो काही तरी चोरून पाहतो. म्हणजे एकाने आपल्या परीने नमस्कार केला, आणि दुसऱ्याला तो वाकुल्या दाखविल्यासारखा वाटला. मला हे स्पष्टीकरण बरेचसे पटते. आपल्याकडेही देवळात गेल्यावर मूर्तीचे दर्शन समोरून घेतात, आणि घरातील वडीलधाऱ्यांची तसबीर काढताना त्यांना खुर्चीवर ताठ बसवून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवावयास सांगत असत. पाठमोरे आजोबा बाजेवर पहुडलेले असताना कोणी छायाचित्र घेतले असते, तर ते कलेच्या दृष्टीने कितीही उत्तम असले तरी दिवाणखान्यात लागले नसते. गैरसमजाला एवढे कारण पुरे होते.

परंतु निव्वळ गैरसमज असता तर एका लेखाने, फार तर एका खुलाशाने, तो मिटला असता. येथे घडले ते निराळेच. लेख आल्याबरोबर देशभर मोहीम उघडली गेली. कारखान्यांत, शाळांत, लष्कराच्या छावण्यांत, शेतकऱ्यांच्या समूहांत सभा भरल्या व आंतोनिओनीचा धिक्कार झाला. लिनश्येनच्या शेतकऱ्यांनी निषेध केला, नानकिंगच्या कामगारांनी निषेध केला, मुलांनी शाळेत निषेध केला. त्या वर्षीच ह्या निषेधलेखांचा संग्रहही पुस्तकरूपाने निघाला. आणि चित्रपट? तो थोड्या निवडक अधिकाऱ्यांखेरीज कोणास दाखविला गेला नाही. लोकांनी वर्तमानपत्रातला लेख वाचला किंवा वाचून दाखविलेला ऐकला, आणि त्यातलीच वाक्ये आपल्या रागाची म्हणून परत म्हटली.

ज्याने शाळेत आयुष्य काढले त्याला हा प्रकार ओळखीचा वाटतो. मूळ धडा न वाचता मार्गदर्शिकेतील उत्तर पाठ करून आलेला विद्यार्थी कसा लिहितो हे मास्तर पहिल्या ओळीलाच जाणतो. उत्तर बिनचूक असते, शब्द मोठे असतात, आणि त्यात त्याने स्वतः पाहिलेली अशी एकही गोष्ट नसते. चीनमधील त्या सभांतील भाषणांत पुलाचा कोन, विजारी, डुकराचे पद हेच मुद्दे पुनःपुन्हा येतात. ज्याने चित्रपट पाहिला असता त्याने, चांगले म्हणून वा वाईट म्हणून, एखादा तरी मुद्दा आपल्या पदरचा काढला असता. साडेतीन तासांच्या चित्रपटात प्रत्येकाला तेवढीच चार दृश्ये खुपावीत हे शक्य नाही. आणि येथेच मला ह्या प्रकरणातील खरे दुःख दिसते. त्या चित्रपटात दाखविलेले जीवन खरे की खोटे, हे आंतोनिओनीला सांगता येत नव्हते, कारण तो बावीस दिवसांचा पाहुणा. इटलीतील प्रेक्षकाला सांगता येत नव्हते, ‘पीपल्स डेली’च्या लेखकाला सांगण्याची मुभा नव्हती. ते सांगू शकत होते फक्त सूचौचे, शांघायचे, लिनश्येनचे लोक. आमच्या गल्लीचे हे चित्र बरोबर आहे, हे मात्र चुकले, असे म्हणण्याचा अधिकार त्यांचा होता, आणि नेमक्या त्यांच्याच डोळ्यांपुढे पडदा ओढला गेला.

ह्या रागाच्या मागे दरबारी राजकारणही होते, आणि ते आता गुपित राहिलेले नाही. त्या वेळी माओ त्से-तुंग वृद्ध झाले होते. त्यांच्या पत्नी च्यांग चिंग व त्यांचे साथीदार एकीकडे, आणि पंतप्रधान चौ एन-लाय दुसरीकडे, अशी आतल्या आत झुंज चालू होती. १९७४ च्या आरंभीच ‘लिन पियाओ व कन्फ्यूशियस ह्यांचा धिक्कार करा’ अशी मोहीम निघाली होती. अडीच हजार वर्षांपूर्वीचा कन्फ्यूशियस हे नाव वरवरचे, रोख चौ एन-लाय ह्यांच्यावर होता. आंतोनिओनीला आत येऊ दिले कोणी? चौ एन-लाय ह्यांच्या सरकारने. मग आंतोनिओनी हेरासारखा दुष्ट ठरला की त्याला दार उघडणारा आपोआपच गुन्हेगार ठरतो. लेकी बोले सुने लागे, ही आपल्याकडची म्हण येथे तंतोतंत लागू पडते. चित्रपटावर रागावलेल्या सरकारचा राग पुष्कळदा चित्रपटावर नसतोच, हे ह्यावरून दिसते.

राग देशाच्या सीमेत राहिला नाही. जेथे जेथे हा चित्रपट दाखविण्याचे घाटत असे तेथे तेथे चिनी वकिलाती निषेध नोंदवू लागल्या. १९७४ साली व्हेनिसच्या कलामहोत्सवात तो दाखवावयाचा ठरला, तेव्हा तो थांबावा म्हणून खटपट झाली व इटलीच्या सरकारासही नव्या मैत्रीची काळजी वाटू लागली. तरी अखेर तो दाखविला गेला. आंतोनिओनीची त्या वेळची स्थिती चमत्कारिक होती. ज्याने इटलीतील फॅसिस्टांची राजवट अनुभवली व तिचा तिटकारा केला, त्यालाच आता फॅसिस्ट म्हणून हिणविले जात होते. आणि तेही ज्या देशाकडे तो ममतेने पाहावयास गेला त्याच देशाकडून. ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागली.

हे ऐकून, हुकूमशाहीत असेच चालावयाचे, असे म्हणून आपण चीनवर हसावयास मोकळे होतो काय? मला तसे वाटत नाही. कारण चीनमधील सभा भरण्यापूर्वी चारच वर्षे, १९७० साली, ह्याच जातीचा प्रसंग आपल्या देशात घडून गेला होता, आणि आपल्याकडे तर निवडणुका होत्या, लोकसभा होती, बोलणारी वर्तमानपत्रे होती.

लुई माल हा फ्रेंच दिग्दर्शक १९६७ च्या अखेरीस काही फ्रेंच चित्रपट घेऊन भारतात आला होता. देशाने त्याला इतके भारून टाकले की, १९६८ च्या आरंभी तो एक छायाचित्रक व एक ध्वनिलेखक एवढ्यांनाच घेऊन परत आला व चार महिने हिंडला. त्यातून ‘कलकत्ता’ हा एक चित्रपट निघाला आणि ‘लांद फांतोम’, म्हणजे मायावी भारत, ही सात भागांची मालिका निघाली. तिच्या पहिल्याच भागात मेलेल्या म्हशीवर तुटून पडलेली गिधाडे आहेत. मद्रासचा रथोत्सव व भरतनाट्याचे शिक्षण आहे, एक सबंध भाग जातिभेदावर आहे, आणि शेवटचा भाग आपल्या मुंबईचा आहे. निवेदन मालचे स्वतःचे आहे व त्यात तो पुन्हा पुन्हा म्हणतो की, मला जे दिसते त्याचा अर्थ मला लागत नाही. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. तथापि सहा तासांहून अधिक लांबीच्या त्या मालिकेत कारखाने, धरणे, विद्यापीठे ह्यांना किती जागा मिळाली हे पाहिले, तर आपल्या लोकांना खटकण्यासारखेही तिच्यात पुष्कळ होते ह्यात शंका नाही.

१९७० साली बी.बी.सी.ने ही मालिका ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर दाखविली, तेव्हा तेथे राहणाऱ्या कित्येक भारतीयांस ती लागली आणि आपले सरकार खवळले. पुढचे भाग थांबवा, असा आग्रह झाला. बी.बी.सी.ने तो मानला नाही. तेव्हा दिल्लीतील तिची कचेरी बंद करावयास लावली गेली व तिच्या वार्ताहरास देश सोडावा लागला. पुढे काही काळाने ती कचेरी पुन्हा उघडली. आता गंमत अशी की, त्या वेळी भारतात दूरचित्रवाणी होती ती एकट्या दिल्लीत. मुंबईस ती आली २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तेव्हा ज्या मुंबईचे चित्र मालने काढले त्या मुंबईकराला ते खरे की खोटे हे पाहण्याची काही सोयच नव्हती. त्याने वर्तमानपत्रात वाचले की आपला अपमान झाला आहे, आणि तो रागावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असे. कारण ज्यांनी ती मालिका पाहण्याची तसदी घेतली नसती अशांनीही, सरकार एवढे चिडले त्यात आहे तरी काय, म्हणून तिची चौकशी केली असेल.

आणि १९७० सालीच दुसरी एक गोष्ट घडली. तिच्यात परका कोणी नव्हता. ख्वाजा अहमद अब्बास हे आपलेच लेखक, आपलेच चित्रपटकार. त्यांनी कलकत्ता, मुंबई, मद्रास व दिल्ली ह्या चार शहरांवर एक छोटा माहितीपट काढला. एका बाजूस श्रीमंतांची चैन, दुसऱ्या बाजूस श्रमिकांचे हाल, आणि मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्ये. परीक्षण मंडळाने तो सर्वांना दाखविण्याचा दाखला नाकारला व फक्त प्रौढांसाठी म्हणून दिला. मग काही दृश्ये गाळली तर दाखला बदलू, असे सांगितले. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. दावा उभा राहिल्यावर सरकारने काहीही न कापता दाखला देण्याची तयारी दाखविली, पण अब्बास एवढ्यावर थांबले नाहीत. चित्रपट दाखविण्यापूर्वी तो तपासण्याचा सरकारला मुळी अधिकारच आहे काय, असा प्रश्न त्यांनी लावून धरला. २४ सप्टेंबर १९७० रोजी सरन्यायाधीश हिदायतुल्ला ह्यांनी निकाल दिला. पूर्वपरीक्षण घटनेला धरून आहे असे त्यांनी ठरविले. मात्र ते ठराविक मुदतीत व्हावे व त्यावर दाद मागता यावी, ही गरज त्यांनी मान्य केली, आणि तशी व्यवस्था करण्याचे सरकारनेही कबूल केले. म्हणजे मालवर रागावताना ‘परका आहे, त्याला आमचे काय कळणार’ असे जे म्हटले जात होते, ते अब्बासांच्या बाबतीत लागू नव्हते, तरीही अडचण तीच निघाली. वेशीवर लक्तरे टांगू नका असे ज्याला सांगतात तो घरातला असला काय आणि पाहुणा असला काय, लक्तरे धुवावयाची केव्हा, ह्याचे उत्तर त्याला मिळत नाही.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर न्याय होणार नाही. शतकानुशतके ज्या देशांकडे परक्यांनी तुच्छतेने पाहिले, त्या देशांच्या मनाला एक जखम असते. चीनला ‘आशियाचा रोगी’ म्हणून हिणविले गेले होते. आपल्याकडे १९२७ साली कॅथरिन मेयो ह्या अमेरिकन बाईंचे ‘मदर इंडिया’ निघाले, तेव्हा त्याचा उपयोग हिंदी लोक स्वराज्यास नालायक आहेत हे दाखविण्यासाठी झाला. त्या पुस्तकाविरुद्ध उसळलेला संताप खोटा नव्हता. परंतु त्या संतापाच्या भरात महात्मा गांधींनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी ते पुस्तक समग्र वाचले. मग ‘यंग इंडिया’त लेख लिहून त्याला गटारे तपासणाऱ्या निरीक्षकाचा अहवाल म्हटले, बाईंच्या हेतूवर व सत्यापलापावर कडक शब्दांत टीका केली. आणि त्याच लेखात त्यांनी आपल्या देशबांधवांस सांगितले की, हे पुस्तक परदेशीयांसाठी नव्हे, पण प्रत्येक हिंदी माणसाने वाचले तर त्याचा काही लाभच होईल, आरोप ज्या रीतीने मांडले आहेत ती रीत आपण नाकारू, पण त्यांच्या बुडाशी जे खरे आहे ते नाकारता येणार नाही. लाला लजपतराय ह्यांनी तर पुढच्याच वर्षी ‘अनहॅपी इंडिया’ हा ग्रंथ लिहून मुद्द्यास मुद्दा दिला. ह्या दोघांच्या हाती त्या वेळी ना पोलीस होते, ना परवाने, ना कचेरी बंद करण्याचा अधिकार. पुस्तक वाचणे व त्याला उत्तर लिहिणे एवढेच त्यांना करता येण्यासारखे होते, आणि ते त्यांनी चांगले केले.

राहता राहिला आंतोनिओनीचा चित्रपट. १९७६ च्या जानेवारीत चौ एन-लाय वारले, सप्टेंबरात माओ वारले, आणि ऑक्टोबरात च्यांग चिंग व त्यांचे साथीदार कैदेत पडले. मोहीम चालविणारेच गेल्यावर मोहीमही विरली. पण चित्रपट चीनच्या लोकांपुढे यावयास फार काळ लागला. २००४ साली बीजिंगच्या चित्रपट विद्यालयात आंतोनिओनीच्या चित्रपटांचा महोत्सव झाला व त्यात ‘चुंग कुओ’ दाखविला गेला. चित्रणाला तेव्हा बत्तीस वर्षे झाली होती. ज्या अरुंद गल्ल्या, चहाघरे व सायकलींचे थवे त्यात होते, ते मधल्या काळात बहुतेक नाहीसे झाले होते, आणि ज्या करड्या रंगावर एवढा आक्षेप घेतला गेला तोच रंग पाहून त्या शहरांचे जुने रूप ओळखावे लागत होते. आंतोनिओनी त्या वेळी बाणव्वा वर्षांचा होता. १९८५ साली झालेल्या पक्षाघाताच्या झटक्याने त्याची वाचा जवळजवळ गेलेली होती. पुलाच्या त्या तिरप्या कोनाविषयी त्याला कोणी विचारले असते, तरी सांगता आले नसते. २००७ साली तो वारला. नानकिंगचा पूल उभा आहे.